पहिली पंगत हरणाऱ्यांची

गोंदियाहून बालाघाटची सकाळची गाडी सुटली, तेव्हा आमच्या डब्यात सतरा समर्थक, एक ढोलकी आणि माझा मोठा भाऊ इतकी मंडळी होती. दादाला मी मुद्दाम वेगळा मोजते. तो सगळ्यांपासून लांब, खिडकीशी, मांडीवर स्टीलचा डबा घेऊन बसला होता. मी साताऱ्याहून आलेली. तीस वर्षं तिकडे राहून माझी बोली बदलली, पण गोंदियाच्या मुलींचा बास्केटबॉलचा सामना म्हटला की माहेर अंगात येतं.

लढत तीन सामन्यांची होती. पहिला आम्ही आपल्या मैदानावर जेमतेम दोन गुणांनी मारला होता. दुसरा आज बालाघाटला. तो जिंकला की चषक आमचा.

आता खरं दुखणं सांगते. गोंदियाचा हा संघ दादानेच मातीच्या मैदानावर उभा केला. त्याची मुलगी प्रणाली तिथेच शिकली. पुढे तिला बालाघाटच्या शाळेत नोकरी लागली आणि ती बालाघाटकडून खेळायला लागली. त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून दादा तिच्याशी एक शब्द बोललेला नाही. तिचा फोन आला की हा चपला घालून बाहेर. बापलेक दोघंही हट्टी. आमच्या घरात तो गुण कुणाला विकत आणावा लागत नाही.

वाघ नदीचा पूल गेला आणि मध्य प्रदेश लागला. दोन्ही बाजूंना धानाची कापलेली शेतं, त्यांवर पातळ धुकं. समोर एक बाई लेकराला घेऊन परसवाड्याला माहेरी निघाली होती. लेकरू भुकेनं कुरकुरायला लागलं. दादा दाराशी उभा होता, म्हणून मी त्याचा डबा उघडला. भाकरी, झुणका, ठेचा. अर्धं त्या मायलेकरांना दिलं, उरलेलं मी खाल्लं. गाडीत शेजाऱ्याला सोडून डबा खायचा नाही, हे आम्हाला आईनंच शिकवलेलं. दादा परत आला, रिकामा डबा पाहिला आणि मटकन खाली बसला.

"तू खाल्ला काय?"

"हो रे. तुला ठेवायला हवं होतं. उतरल्यावर काहीतरी घेऊ."

"भुकेचं नाही गं. मी आता तिथं काय सांगू?"

मला काहीच कळेना. तेव्हा ढोलकीवाल्या गजभिये काकांनी समजावलं. या दोन गावांची एक रीत आहे. ज्यांच्या गावी सामना, त्यांचा स्वयंपाक. हरणाऱ्यांनी पहिल्या पंगतीला बसायचं, जिंकणाऱ्यांनी वाढायचं. आणि भात वाढायचा तो सर्वांत जास्त गुण करणारीनं.

"पोरीनं भात आणला अन् बापानं नाही म्हटलं, तं चारचौघांत तोडल्यासारखं होते, ताई. हरलो तं पथ्याचा डबा दाखवून सुटीन म्हणे तुमचा भाऊ. तो डबाच तुम्ही संपवला."

माझ्या घशात ठेचा आता कुठे तिखट लागला.

सामन्याबद्दल फार लिहीत नाही, लिहिण्यासारखं आमच्याकडून काही घडलंच नाही. मध्यंतरापर्यंत आमच्या घोषणा चालू होत्या. नंतर एकेक जण शेंगदाण्याकडे वळला. एक जण म्हणाला, "आता वीज गेली तंच वाचतो," तर दुसऱ्यानं आठवण करून दिली की सामना उन्हात चालू आहे. गजभिये काका तर शेवटी बालाघाटच्या बास्केटला ढोलकी वाजवायला लागले. काहून म्हणून विचारलं तर म्हणाले, "हात गार पडून राह्यले." एकाहत्तर-अठ्ठावीस. आमच्या अख्ख्या संघाचे अठ्ठावीस, एकट्या प्रणालीचे सव्वीस. दादा हाताची घडी घालून बसला होता. तिच्या प्रत्येक बास्केटला त्याचा अंगठा हलायचा, तो फक्त मला दिसत होता.

मैदानामागे मांडवात पळसाच्या पत्रावळी मांडल्या होत्या. "आइये, पहले आप लोग," म्हणत बालाघाटच्या बायांनी आम्हाला बसवलं. वरण, वांग्याची भाजी, भजी. मग प्रणाली चिन्नोरचं (इथला सुवासिक तांदूळ) पातेलं घेऊन आली. वास आधी पोचला. ती दादासमोर थांबली आणि दादानं पत्रावळीवर आडवा हात धरला. अख्खी पंगत जेवायची थांबली. मला त्या क्षणी तो डबा परत भरून द्यावासा वाटत होता.

"बाबा, भात."

दादा पत्रावळीकडेच बघत होता. "डावा हात अजून कच्चाच हाय तुहा."

"हौ."

"तीनदा बॉल सुटला डावीकडून. मी मोजून राह्यलो होतो."

"चारदा सुटला, बाबा. हात काढा, पातेलं पोळून राह्यलं मले."

दादानं हात काढला. "वाढ मंग."

तिनं वाढलं, जरा जास्तच. दादानं ते सगळं संपवलं आणि पुन्हा मागितलं. वाकून वाढताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, आणि मी ते ठेच्यावर ढकललं नाही.

संध्याकाळच्या गाडीत पराभवाची चिरफाड झाली. चूक पंचांची, उन्हाची, बुटांची, कुणाचीच उरली नाही इतकी वाटली गेली. पंचवीस ठिकाणी फिरले मी, पण इतका सपाटून मार खाऊन इतक्या खुशालीत परतलेली माणसं पाहिली नाहीत. हरणारा उपाशी जाऊ नये, एवढ्यासाठी कुणीतरी कधीतरी ती रीत घातली असणार. आज त्या रीतीनं माझ्या भावाला पळायला जागाच ठेवली नाही. डबा खाल्ल्याबद्दल मी त्याची माफी मागितली नाही, त्यानंही तो विषय काढला नाही.

पुढचा सामना आमच्या गावी, म्हणजे स्वयंपाक आमचा. गजभिये काका कागदावर सामान लिहीत होते. तांदूळ, डाळ, तेल, वांगी. इतका वेळ खिडकीबाहेर बघणारा दादा मध्येच वळला.

"वांगं खोडा," तो म्हणाला. "तिले वांगं चालत नाही."