विलायतेत त्याच दुपारी

ताईला पाहायला आलेला मुलगा विलायतेहून कापडगिरणीचं शिक्षण घेऊन आला होता. निदान तो तसं सांगत होता. अकोल्यात जठारपेठेतल्या आमच्या बैठकीत बसून त्यानं सहज सांगितलं, की पहाटे मुंबईहून विमानात बसलो आणि त्याच दिवशी दुपारी लंडनला उतरून जेवलो.

पाहुणे गेले आणि हिवरखेडहून खास याच कामाला आलेली आत्या म्हणाली, "अकोल्याहून मुंबईले जाले आख्खी रात लागते, अन् हा दुपारी विलायतीत जेवते? काहून खोटं बोलून राह्यला हा?"

मुंबईत कुठंतरी दिवस काढून विलायतेचं नाव सांगणारे लोक तेव्हा ऐकिवात होते. त्याच्या सुटाचं कापडही मला आता आपल्या बाजारातलंच वाटू लागलं.

खरंखोटं करायला बाबा एस.टी.नं अमरावतीला मामाकडे गेले. मामा मास्तर. त्यानं शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणला, अंतर काढलं, विमानाचा वेग धरला, वाटेतले थांबे मिळवले आणि हिशेब सांगितला: माणूस पोचायला दिवेलागण व्हायलाच हवी. बाबा परतले ते नकार ठरवूनच. ताई म्हणाली, नकार द्यायचा तर द्या, पण त्यांना एकदा विचारून द्या.

बाबांचा निरोप गेला तसा तो वडिलांना घेऊन पुन्हा आला. बाबांनी आडवळणानं विषय काढला. त्याला हसू आलं, पण त्यानं ते आवरलं. आपल्याकडे दिवेलागण होते तेव्हा तिकडे दुपारच असते, म्हणून उतरल्यावर घड्याळ मागं घ्यावं लागतं, असं त्यानं समजावलं. बाबांची मान हलली. आत्या दाराआडून पुटपुटली, "घड्याळ मांगं फिरवलं म्हणते. स्वतःच कबूल करते."

तेव्हा ताईनं सरळ विचारलं, "वरून काय काय दिसलं तुम्हाला?"

तो घुटमळला. मला वाटलं, आता सापडला. समुद्र, ढग, डोंगर, काहीतरी रचून सांगेल.

"काहीच नाही," तो खाली बघत म्हणाला. "मी सगळी वाट ओकत होतो. शेजारच्या म्हाताऱ्या मडमेनं माझं कपाळ धरून ठेवलं होतं."

त्याच्या वडिलांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ताई बाबांना आत घेऊन गेली आणि म्हणाली, "होकार कळवा. खोटं बोलणारा पोरगी पाहायला येऊन असं सांगत नाही."

त्या उन्हाळ्यात लग्न झालं. ताईचा संसार चांगला झाला. आत्या मात्र पुढं कितीतरी वर्षं जावयाला वाढता वाढता हळूच विचारायची, "खरं सांगा, गेलते ना तुमी?" तो हो म्हणायचा. ती पुन्हा भाजी वाढायची, पण तिच्या चेहऱ्यावरून तिला पटलंय असं कधी दिसलं नाही.