पाच जास्तीचे ससे

एका बाईच्या तळहातांचा मला इतका हेवा वाटला की काही दिवस घास गोड लागेना. सांगायला लाज वाटते, पण वाटला.

कुंभिवलीच्या पुढे एका औषध कंपनीत मी सशांच्या खोलीत काम करते. सलाईनच्या बाटल्या दवाखान्यांत जाण्याआधी त्यातलं थोडं पाणी तीन सशांच्या कानाच्या शिरेत टोचायचं आणि तीन तास त्यांचा ताप मोजत बसायचं. ताप चढला नाही तर बाटल्या सुटतात. ससे मरत नाहीत, काही दिवस आराम करून पुन्हा टेबलावर येतात. शेजारणी म्हणतात, मुक्या जिवांना टोचतेस, हे पाप कुठं फेडशील? मी म्हणते, तुझ्या पोराला सलाईन लागेल तेव्हा विचार. मग त्या विषय बदलतात.

या कामात एकच मेख आहे. ससा नुसता घाबरला तरी त्याचं अंग तापतं. मग हा ताप औषधाचा की भीतीचा, ते कळत नाही. म्हणून टेबलावर ससे धरणारीचा हात शांत लागतो. आठ वर्षं तो हात माझा होता. पाहुणे आले की साहेब सांगायचे, "यांच्या हातात ससा झोपतो." खरं तर झोपायचा नाही, थिजायचा. पण ऐकायला मला आवडायचं.

मग भिवपुरीच्या वरच्या अंगाच्या एका ठाकरवाडीतून ती बाई पिंजरे धुवायला आली. एकदा माझ्या हातून एक दांडगा ससा सुटायला लागला. तिनं तळवे एकमेकांवर घासून गरम केले, एक त्याच्या डोळ्यांवर ठेवला आणि त्याला पोटाशी घेतलं. तो खरोखरच झोपला.

"कुठं शिकलीस गं?" मी विचारलं.

"आमचा आजा जाळी लावायचा. सापडलेला ससा तडफडू नये म्हणून असाच धरायचा."

"आणि मग?"

"मग काय, खायचो आमी," ती हसत म्हणाली.

हे साहेबांच्या कानावर गेलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिला टेबलावर बसवलं आणि मला वहीत ताप लिहायला. माझा तिळपापड झाला. बीएस्सी मी झालेली, आणि धरायला ही. तिचं कुठं चुकतंय का, हे मी डोळ्यांत तेल घालून बघायचे. सशांना वास नको म्हणून ती केसांना तेलसुद्धा लावून येत नव्हती. हा नियम तिला मी सांगणार होते, तर तिनं आधीच पाळलेला. त्याचाही मला राग आला.

एके सकाळी तीन ससे, मान तेवढी बाहेर राहील अशा टेबलावरच्या पेट्यांत बसवलेले होते आणि तिच्या हाताखाली अगदी निवांत होते. साहेब दारातून बघून "वा" म्हणाले आणि निघून गेले. एवढ्यानं माझं डोकं फिरलं. त्यांची पावलं लांब गेल्यावर मी हातातला स्टीलचा ट्रे फरशीवर टाकला. निसटला, असं म्हणाले. निसटला नव्हता, मी बोटं उघडली होती. मधल्या सशानं हिसका दिला तशी पेटी हलली, आणि पुढच्या अर्ध्या तासात त्याचा ताप चढला. वही माझ्याकडेच होती. मी ताप लिहिला, ट्रेचं लिहिलं नाही.

तिघांतल्या एकाचा जरी चढला तरी आणखी पाच ससे घ्यायचे आणि सगळं पहिल्यापासून करायचं, असा नियम आहे. पाच कान, पाच सुया, पुन्हा तीन तास. पाचही शांत राहिले, बाटल्या सुटल्या. संध्याकाळी हात धुताना तिनं मला विचारलं, "ताई, माझा हात बिघाडला काय गं?"

"होतं असं कधी कधी," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून साहेबांना सांगितलं, मला पिंजऱ्यांवरच ठेवा. टेबल परत माझं झालं. लोक आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात. मी तर नाकही सशांचं कापलं.

गणपतीनंतर आईला जुलाब-उलट्या झाल्या. शिळफाट्याच्या दवाखान्यात तिला सलाईन लावलं. आदल्या रात्रीपासून ती ओळखही देत नव्हती. दुपारी तिनं डोळे उघडले आणि चहा मागितला. मी त्या बाटलीकडे बघत बसले. हिच्यासाठी ज्या तीन सशांना टोचलं असेल, त्यांच्या पाया पडायला मी तयार होते. त्या तिघांचं मला मान्य होतं, आजही आहे. पण माझ्या त्या पाच जणांचं काय? त्यांना कुणाच्या आईसाठी टोचलं नव्हतं. माझ्या जळफळाटासाठी टोचलं होतं.

कामावर गेल्या गेल्या मी तिला मोरीपाशी गाठलं. "त्या दिवशी ट्रे मी मुद्दाम टाकला."

तिनं हातातला पिंजरा घासणं थांबवलं नाही. "मला ठाव हाय. ससा आवाजाला दचाकला, माझ्या हाताला नाय."

"मग मला कशाला विचारलंस, हात बिघडला का म्हणून?"

"म्हटलं, तू सांगशील."

"आणि टेबल का सोडलंस?"

"मी तिथं बसली असती तर तू परत पाडला असतास," ती म्हणाली. "सुई त्यांनाच बसते ना गं."

त्याच दिवशी मी साहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं. आता टेबलावर ती बसते आणि पिंजरे मी धुते. हेवा गेलेला नाही. ससा तिच्या पोटाशी मान टाकतो तेव्हा अजूनही माझ्या पोटात दुखतं. धुतलेले ट्रे मात्र मी एकेक करून, दोन्ही हातांनी ठेवते.