कुळथाच्या पिठीची फाईल

चंपा सोमवारी कामाला येणार होती, आणि का येणार होती ते मला घरातलं कुणी सरळ सांगत नव्हतं. चंपा म्हणजे स्वयंपाकाची बाई. मी शेवंती, वय सहासष्ट, हातपाय धड, मोतीबिंदू काढून झालेले. बोरिवलीच्या ह्या घरात एकेचाळीस वर्षं मी ज्या ओट्यापुढे उभी राहिले, तिथे आता चंपा उभी राहणार आणि मी सोफ्यावर बसून टीव्ही बघणार. का, तर आईने आता आराम करावा. मी आराम मागितला होता का कुणाकडे?

हे ठरवलं सौरभने. सौरभ माझा मुलगा, मुलुंडला राहतो. एका रविवारी तो आला तेव्हा घरात गॅसचा वास भरला होता म्हणे. बटण चालू आणि आच नाही. असेल. खिडकीच्या कठड्यावर नॅशनल पार्कातलं माकड येऊन बसलं होतं, मी त्याला हाकलायला गेले, तेवढ्यात वाऱ्याने विझला असेल. त्यात एवढं काय? पण बापलेक बाहेरच्या खोलीत अर्धा तास कुजबुजत होते आणि मी चहा घेऊन गेले तशी दोघांची तोंडं बंद. मला ते मुळीच आवडलं नाही.

त्याच दिवशी सौरभ आपला जुना लॅपटॉप बापाला देऊन गेला. आमचे हे, म्हणजे सहदेव, वॉर्ड ऑफिसात तेहतीस वर्षं मराठी टायपिस्ट होते. रिटायर झाल्यापासून त्यांची बोटं नुसती मांडीवर वाजायची. सून श्रुतिका फोनवर म्हणाली, आई, तुमच्या सगळ्या रेसिपी बाबांना सांगा, ते लिहून ठेवतील, मला हव्यात. मला बरं वाटलं. कुणाला तरी माझ्या हाताची किंमत आहे म्हटलं.

मग आमचं रोजचं सुरू झालं. दुपारी जेवणं आटपली की हे टेबल पुसायचे, लॅपटॉप उघडायचे, चष्मा लावायचे आणि म्हणायचे, बोल. मी बोलायची, ते बडवायचे. ऑफिसची सवय जाते कुठे. वर उजवीकडे दिनांक, खाली विषय: कुळथाची पिठी. मी म्हटलं, अहो, पिठीला विषय कसला लिहिताय, पिठी काय पाणीपट्टीची तक्रार आहे? हसले नाहीत. टायपिंग करताना हा माणूस कधी हसतही नाही आणि मधे बोलतही नाही. साहेब सांगेल ते उतरवायचं, साहेब चुकला तर चूक साहेबाची, हा त्यांचा नोकरीतला नियम. शेवटी म्हणायचे, सेव्ह केलं. मी विचारायची, कुठे? ते बोटाने स्क्रीन दाखवायचे. तिथे तर मला काहीच दिसायचं नाही. डब्यात ठेवलं तर डबा तरी दिसतो. ह्या कॉम्प्युटरचं मला कधी कळलंच नाही, गेलेलं दिसत नाही आणि आहे म्हणतात.

पिठीपासून सुरुवात करायची हे माझं ठरलेलं होतं. बाकी लोकांना काय काय लागतं मन शांत व्हायला, कुणाला आइस्क्रीम, कुणाला पिझ्झा. आम्हाला पिठी-भात. ताप उतरला, पिठी. गावाहून रात्रभर बसमधे आंबून आलो, पिठी. सौरभ बारावीला गणितात आपटला तेव्हा दोन दिवस खोलीचं दार उघडत नव्हता, मी दाराबाहेर ताट ठेवलं आणि लसणीच्या फोडणीच्या वासाने तो बाहेर आला. देवगडच्या बाजूला आमचं गाव, तिथून पीठ येतं, भाजलेल्या कुळथाचं. दहा मिनिटांत होते आणि पोटात गेली की माणूस जरा जागेवर येतो. तर मी सांगितली पिठी, मग घावणे सांगितले, सोलकढी सांगितली, मग बरंच काय काय सांगितलं. माझ्या हिशोबाने अर्धं पुस्तक तरी झालं होतं.

गुरुवारी हे प्रेशरच्या गोळ्या आणायला खाली उतरले. लॅपटॉप टेबलावर उघडाच होता. माझ्या डोक्यात आलं, चंपा येणारच आहे तर तिला माझ्या रेसिपी कागदावर उतरवून देऊ, म्हणजे जेवण तरी ह्या घरासारखं होईल. श्रुतिकाने मला एकदा दाखवलं होतं, नावावर बाण न्यायचा आणि दोनदा टकटक करायची. मी बसले.

नावं एकाखाली एक होती. घावणे. सोलकढी. बांगड्याचं तिखलं. आणि खाली पिठी एक, पिठी दोन, पिठी तीन, असं करत पिठी नऊ.

आधी वाटलं ह्यांनी झेरॉक्ससारख्या कॉप्या काढल्यात. ऑफिसात एक कागद पाच टेबलांवर जायचा, तसं. पण उघडून बघते तर प्रत्येकावर दिनांक वेगळा. पहिल्यात तीन सोलं, म्हणजे आमसुलं. दुसऱ्यात चार. चौथ्यात सोलंच नाहीत, चिंच आहे. आमच्या पिठीत चिंच? कुणी सांगितली ह्यांना? माझं डोकंच फिरलं, म्हटलं हा माणूस मनाने काहीही ठोकतोय आणि नाव माझं लावतोय. मग सहावी उघडली. त्यात लिहिलं होतं की लहानपणी मी पिठाची गुठळी फोडायला बोट घातलं आणि पोळलं, आणि आईने बोटाला तूप लावलं. ही गोष्ट मी ह्यांना कधी सांगितली? माझ्याशिवाय कोण सांगणार? सातव्यात फोडणी दोनदा होती. नववी उघडली. तेल, मोहरी, ठेचलेली लसूण, आणि त्याच्या खाली कंसात, (पुढील मजकूर सांगण्यात आला नाही.)

नवव्याचा दिनांक परवाचा होता, मंगळवारचा. मी मंगळवार आठवायला लागले. दुपारी वालाची भाजी होती, ती आठवली. भांड्यांची बाई उशिरा आली, तिच्याशी भांडले, ते आठवलं. टेबलाशी बसून पिठी सांगितलेली काही केल्या आठवेना. आठव्याच्या तारखेचंही तेच. मी घाबरले. सौरभच्या वेळी कळा सुरू झाल्या आणि घरात कुणी नव्हतं, तेव्हाही एवढी घाबरले नव्हते. पुन्हा पहिल्यापासून सगळ्या वाचल्या. ह्यातली माझी कुठली तेही मला कळेना.

हे आले. मी दारातच विचारलं, "पिठी मी किती वेळा सांगितली?"

त्यांनी चपला काढल्या, जागेवर लावल्या, गोळ्यांची पिशवी फ्रिजवर ठेवली. लॅपटॉपकडे बघितलं. मग म्हणाले, "नऊ."

"आणि तुम्ही मुकाट्याने लिहीत बसलात? मी काय तुमचा साहेब आहे?"

"दर वेळी तू पहिल्यांदाच सांगत होतीस गो," ते म्हणाले. "खुशीत सांगायचीस. मला मधे बोलवेना."

मी त्यांना काय काय बोलले ते आता लिहायला नको. मेल्या, टायपिस्टा, इथपासून सुरुवात झाली. रडलेही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकेक बाहेर आलं. गॅस त्या रविवारी पहिल्यांदा उघडा राहिला नव्हता, त्याआधी दोनदा राहिला होता आणि ह्यांनी बंद केला होता. येत्या बुधवारी डॉक्टरची वेळ घेतलेली होती आणि मला काय सांगून घेऊन जायचं हे बापलेकांना सुचत नव्हतं. श्रुतिकाला रेसिपी हव्या होत्या त्याही मी विसरायच्या आत. मला सगळ्यांचा राग आला आणि त्यातल्या कुणालाच दोष देता येईना, त्याचा आणखी राग आला.

म्हटलं, उघडा लॅपटॉप. दहावी लिहा. आणि ह्या वेळी मी चुकले की तिथल्या तिथे थांबवायचं, तुमचा तो ऑफिसचा नियम गेला चुलीत.

त्यांनी दिनांक घातला. विषय घातला. मी सांगायला लागले, तेल तापवायचं, मोहरी तडतडली की लसूण ठेचून टाकायची, लाल झाली की मिरचीपूड, मग पाणी. मग. मी खिडकीकडे बघितलं, फ्रिजकडे बघितलं. पुढे काहीच नव्हतं. अख्खं आयुष्य केलेली गोष्ट आणि पुढे काहीच नाही.

"तीन सोलां," ते म्हणाले. स्क्रीनकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. "मग मीठ. पाणी उकळलं की पीठ कालवून सोडायचं आणि हात थांबवायचा नाही. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर."

ज्या माणसाला चहापत्तीचा डबा कुठे असतो ते ठाऊक नव्हतं, त्याला माझी पिठी पाठ. मला हसू यावं की काय व्हावं कळेना. मी म्हटलं, उठा, करून दाखवा.

सौरभला फोन करून सांगितलं, चंपाला येऊ दे, चपाती-भाजी करून जाऊ दे, बुधवारी डॉक्टरकडेही येते, पण पिठी ह्या घरातच होणार, तुझे बाबा करणार. त्याने दोनदा विचारलं, बाबा करणार? मग बरं म्हणाला.

ह्यांनी देवपूजेला धुवावेत तसे हात धुतले. लायटर पाच वेळा वाजला. मी स्टुलावर बसून होते, दोन्ही हात मांडीखाली दाबून, कारण ते सारखे उठायला बघत होते. लसूण जरा जास्तच लाल झाली. पिठाच्या गुठळ्या झाल्या, त्यांनी पळीने एकेक फोडली. शेवटी चमच्यात थोडी घेऊन, फुंकर घालून माझ्यापुढे धरली आणि विचारलं, मीठ बघ.

मी जिभेवर घेतली. गरम होती, लसणीची होती, पिठीच होती. मीठ कमी की बरोबर, मला ठरवता येईना. दुसऱ्यांदा घेतली तरी येईना. ह्या घरात मिठाचं शेवटचं माझ्याशिवाय कुणी सांगितलेलं नाही.

"तुम्ही सांगा," मी म्हटलं.

त्यांनी त्याच चमच्याने चाखली, डोळे मिटून. मग बरणी उघडली, चिमूटभर मीठ टाकलं आणि ढवळत राहिले.