उमेदवाराच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण

हसनने पोस्टर माझ्या टेबलावर पसरलं आणि विचारलं, "हा कोण?"

पोस्टर त्याचंच होतं. वर फोटो, खाली ठळक अरबीत नाव. मी म्हटलं, "तुम्हीच की."

"माझ्या आईनेही हेच विचारलं," तो म्हणाला. "हा कुणाचा मुलगा, म्हणाली."

ही गोष्ट १९७३ची, बहरीनमधली. देश स्वतंत्र होऊन दोन वर्षं झाली होती आणि नॅशनल असेंब्लीची पहिली निवडणूक तोंडावर आली होती. राजधानी मनामातल्या हूरा भागात एका प्रेसमध्ये मी रिटचर होतो. रिटचर म्हणजे फोटोतले दोष काढणारा माणूस. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. निगेटिव्ह खालून उजेड असलेल्या काचेवर ठेवायची आणि भिंगातून बघत तिच्यावर टोकदार पेन्सिल चालवायची. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरच्या खड्ड्याची काळी सावली तिथे पारदर्शक ठिपका होऊन बसते. तो ठिपका पेन्सिलीने भरला की छापलेल्या फोटोत खड्डा गायब. काही जागी पेन्सिल पुरत नाही, तिथे चाकूच्या टोकाने निगेटिव्हचा थर हलकेच खरवडायचा. पेन्सिल पुसता येते, खरवडलेलं मात्र परत येत नाही.

माझा हात गिरगावातल्या एका स्टुडिओत तयार झाला होता. लग्नाळू मुलींचे फोटो हे आमचं मुख्य काम. वसईच्या निम्म्या मुलींची नाकं मी सरळ केली असतील. फोटो बघून आलेली मंडळी मुलगी बघून गोंधळायची, पण तो स्टुडिओचा प्रश्न नव्हता. सांगायचं काय, तर मला माझ्या हाताचा गर्व होता.

हसन हा सनद गावचा उमेदवार. तेल कंपनीत नोकरी करून पन्नाशीला टेकलेला. त्याचा चेहरा देवीच्या व्रणांनी भरलेला होता. काढ असं मला कुणी सांगितलं नव्हतं. काढू नको असंही नाही. मी दोन दिवस खपून एकेक व्रण बुजवला. मशीन मोकळं होतं, मालकाला घाई होती, म्हणून प्रूफ दाखवायचं राहिलं आणि सगळी पोस्टरं छापून त्याच्या घरी गेली.

आमचा मालक अबू खलील आवाज ऐकून आला. त्याचे वडील मोती विकायला मुंबईला जायचे, त्यामुळे त्याचं हिंदी थेट भेंडीबाजारचं. त्याने एकदा पोस्टरकडे बघितलं, एकदा हसनकडे.

"डॉमनिक, ये क्या किया तुम? आदमी बदली कर दिया!"

"साब, मैंने तो अच्छा बनाया."

"अच्छा कौन माँगा? पब्लिक को पहचान माँगता!"

हसन ओरडला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. कंपनीतल्या भारतीयांकडून शिकलेल्या हिंदीत त्याने मला शांतपणे समजावलं: "समोरचा उमेदवार मोठा व्यापारी आहे, त्याची पोस्टरं कधीच लागली. माझ्याकडे पैसा नाही, फक्त ओळख आहे. गावातल्या म्हाताऱ्यांना नाव वाचता येत नाही, ते चेहरा बघणार. मी लहान असताना देवीची साथ आली. आमच्या गल्लीतली बरीच मुलं गेली, मी राहिलो. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पाळीपाळीने जागून मला पाणी पाजलं. हे व्रण त्यांनी बघितलेत. हा गुळगुळीत माणूस त्यांनी कधी बघितलेला नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी चेहऱ्यावर काय आहे ते बघत होतो, ते तिथे कसं आलं हे कधी विचारलं नव्हतं.

"परसों तक नया पोस्टर," अबू खलील म्हणाला. "नहीं तो तुम्हारा व्हिसा खलास."

मशीन चालवणारा बाळा परब कणकवलीचा. मालक गेल्यावर तो जवळ येऊन म्हणाला, "डॉमनिक, तुझा काय खरा नाय."

मी निगेटिव्ह टर्पेंटाइनने धुतली. पेन्सिल गेली, व्रणही थोडे परत आले. पण जिथे चाकू लागला होता तिथे गालावर नुसते डाग उरले. आता नवा फोटो काढण्याशिवाय इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा घेऊन प्रेसच्या पिकअपने सनदला गेलो. स्टुडिओत समोरून उजेड टाकतात, त्यात खड्डे झाकले जातात. मला ते दिसायला हवे होते, म्हणून बाजूने येणारं कोवळं ऊन पाहिजे होतं. हसनला अंगणात खुर्चीवर बसवलं. झाकायची विद्या पंधरा वर्षांची, दाखवायची त्या सकाळपासूनची. मनासारखी फ्रेम काही मिळेना.

त्याची आई दारात उभी राहून बघत होती. मग ती पुढे आली, मुलाची हनुवटी धरून तिने तोंड जरासं उन्हाकडे वळवलं आणि बाजूला झाली. मी बटण दाबलं.

"आईचं मत तर नक्की तुम्हालाच," मी सामान आवरताना म्हटलं.

"बायकांना मत नाही," हसन म्हणाला.

मी सामान पिकअपमध्ये चढवलं.

नवी निगेटिव्ह डेस्कवर आली तेव्हा पेन्सिल उचलायला हात शिवशिवत होता. मी पेन्सिल ड्रॉवरमध्ये टाकून ड्रॉवरला कुलूप लावलं. या वेळी प्रूफ घेऊन मी स्वतः सनदला गेलो आणि ते म्हातारीच्या हातात दिलं. तिने कागदावरच्या गालावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "वलदी." म्हणजे माझा मुलगा. बाळाने त्याच दुपारी मशीन सुरू केलं.

हसन निवडून आला. माझा व्हिसाही राहिला.

पुढे १९७५ साली जूनमध्ये आपल्याकडे आणीबाणी लागली आणि ऑगस्टमध्ये इथली असेंब्ली बरखास्त झाली. भारतात मला मत होतं पण मी तिथे नव्हतो. इथे मी होतो, पण मत नव्हतं. तरीही दोन्ही बातम्यांनी मला सारखंच वाईट वाटलं. भिंतींवरची पोस्टरं तोवर उन्हाने पांढरी पडली होती.

ऐंशीनंतर मी प्रेस सोडून एका फोटो स्टुडिओत लागलो. एक दिवस हसन आयडी कार्डच्या फोटोसाठी आला. केस पिकले होते, चालणं मंदावलं होतं. आई गेल्याचं त्याने सांगितलं. मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि सवयीने दिवा बाजूला सरकवला.

"दिवा समोर घे," तो म्हणाला. "आणि व्रण काढून टाक."

"का?"

"तेव्हा लोकांनी ओळखायला हवं होतं. असेंब्लीत बसलेल्यांवर आता सरकारचा डोळा असतो, कुणी ओळखलं नाही तर बरं."

तो हसला नाही. मी म्हटलं, "आयडीच्या फोटोला रिटचिंग चालत नाही, हाजी."

"इंशाल्ला पुढच्या वेळी," तो म्हणाला आणि ताठ बसला.

पेन्सिल उचलण्याआधी गिऱ्हाइकाला विचारावं, एवढंच मी त्या धंद्यात शिकलो. त्याने दहा वर्षांपूर्वी दिलेलं उत्तर मात्र आज धरून चालू नये.