पाखरबायला पोहता येत नाही

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी टेम्पोच्या हौद्यात गादीचं गुंडाळं आणि पाण्याचं पिंप यांच्या मधे मला जागा मिळाली. मांडीवर माझी सहा वर्षांची बहीण चिमी. मी बारा वर्षांची. आप्पांना गोव्यात, आमोण्याजवळच्या एका कारखान्यात वेल्डरचं काम लागलं होतं. सगळी भावकी रस्त्यावर उभी होती. आत्या रडत होती, चुलते दोऱ्या ताणून बघत होते. आई पुढे आप्पांच्या शेजारी बसली होती. टेम्पो हलायच्या आधी ती मागे वळून एकच म्हणाली, "सुरे, तिथं नदी हाय. चिमीचा हात सोडू नगंस."

गावच्या माझ्या माणसांनो, तुमच्यातले बरेच गावाकडे राहिलात, काही जण आमच्यासारखेच कुठे कुठे पांगलात. तुम्हाला आठवत असेल, आपल्या कोल्हापूरकडच्या पठारावर पाणी म्हणजे विहीर आणि पावसाळ्यातला ओढा. पाण्याची भीती वाटावी एवढं पाणीच नव्हतं. तिळारीचा घाट उतरताना मात्र आई देवाचं नाव घेत होती आणि मी चिमीचं मनगट इतकं आवळून धरलं होतं की त्यावर माझ्या बोटांचे वळ उठले.

आमोण्याला आम्ही शेवंतीबायच्या दोन खोल्यांत भाड्याने राहिलो. शेवंतीबाय एकटी, साठीच्या पुढची, ओहोटीला चिखलातून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढून बाजारात विकायची. खोलीच्या खिडकीला ती जनेल म्हणायची. त्या जनेलातून मांडवी दिसायची. आमच्या ओढ्यासारखी एका दिशेने वाहून जाणारी ती नदी नव्हतीच. दिवसातून दोनदा ती उलटी यायची, खारं पाणी आत भरायची, आणि गेली की मागे काळा चिखल चमकत राहायचा. खनिजाने भरलेले बार्ज, ते लांबरुंद सपाट पडाव, जायचे तेव्हा भिंतीला टेकवलेलं ताट थरथरायचं. पहिले काही आठवडे मला रोज वाटायचं, आज पाणी उंबऱ्यापर्यंत येणार.

चिमी शाळेत पहिल्याच दिवशी "व्हय बाई" म्हणाली आणि वर्ग हसला. नंतर ती वर्गात बोलेनाशी झाली. मग रस्त्यावर, मग शेवंतीबायशी, आणि गणपतीपर्यंत घरातसुद्धा. मान हलवायची, पदर ओढायची, बोट दाखवायची. आप्पांनी तिला डिचोलीला डॉक्टरकडे नेलं. घशात काही दोष नाही, घाबरली आहे, बोलेल, असं ते म्हणाले. आई तेव्हापासून तिच्या तोंडाकडे बघत जेवायची.

पाखरबाय मी तिच्यासाठी काढली. जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर चौकटी आखून चित्रकथा करायची सवय मला गावापासूनच होती. ही नवी बाई उंच, केस मोकळे, कानामागे बगळ्याची पिसं. तिच्या छातीत काळजाच्या जागी एक पाखरू राहायचं, आणि त्यामुळे तिला सगळ्या पक्ष्यांचं बोलणं कळायचं. ती माणसांशी मात्र कधीच बोलायची नाही. संकट आलं की ती दोन्ही हात पसरून उभी राहायची. मग पाणकावळे, घारी, बगळे, सगळे तिच्याभोवती जमायचे आणि तिला उचलून न्यायचे. चिमी ती पानं जनेलाजवळ बसून पुन्हा पुन्हा बघायची. एकदा मला ती अंगणात हात पसरून उभी असलेली दिसली. मला गंमत वाटली. खरं सांगायचं तर अभिमान वाटला.

तो दिवस दिवाळीनंतरचा. शाळेला सुट्टी होती. आप्पा कारखान्यात, आई दुसऱ्या वाड्यावर भात झोडायला गेलेली. मी पाखरबायचं नवं पान रंगवत होते. नदीच्या मधोमध मासेमारीसाठी रोवलेल्या मेढी दिसायच्या, त्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसायचे. त्याच जागी पाखरबाय चिखलावर उभी आहे असं ते चित्र. चिमी येऊन माझी बाही ओढू लागली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा माझा ब्रश घसरला आणि निळा रंग पाखरबायच्या तोंडावर पसरला.

मी म्हणाले, "मला त्रास देऊ नगंस. जा, पाखरबायला विचार जा."

ती गेली. मी पान पुसत बसले. किती वेळ, ते आजही सांगता येत नाही. मान वर केली तेव्हा अंगण रिकामं होतं.

आधी मी घरामागे पाहिलं, मग विहिरीत. विहिरीत वाकून पाहतानाचं ते काळं पाणी मला आजही अधूनमधून, काही कारण नसताना, लिफ्टमध्ये किंवा सिग्नलला दिसतं. चिमीला हाक मारून उपयोग नव्हता. ती ओ देणार नव्हती. रस्त्यापर्यंत धावत गेले, परत आले, आणि तेव्हा टेबलावरचं ओलं पान दिसलं. मेढी. पाणकावळे. चिखल. ती कुठे गेली असेल ते मीच रंगवून ठेवलं होतं.

शेवंतीबाय पडवीत झाडू घेऊन बसली होती. मी फक्त "चिमी, नदी" एवढंच म्हणू शकले. ती उठली आणि तिच्या वयाला न शोभेल अशी पळत सुटली. बांधावर पोचलो तेव्हा चिमी आम्हाला दिसली. काठापासून बरीच आत, चिखलात कमरेपर्यंत रुतलेली, दोन्ही हात पसरून. भरती चढत होती. पाण्याची एक पातळ, चकचकीत पट्टी तिच्याकडे सरकत होती. पलीकडे मेढींवर पाणकावळे तसेच बसून होते. एकही जागचा हलला नाही.

मी उतरायला धावले. शेवंतीबायने माझी वेणी धरून मला मागे ओढलं.

"तूंय रुततली! झावळ्यो हाड!"

बांधावर सुकलेल्या झावळ्यांचा ढीग होता. मी एकेक झावळी ओढून देत होते आणि शेवंतीबाय त्या चिखलावर आडव्या टाकत, पोटावर सरपटत पुढे जात होती. चिमी वळून काठाकडे यायला धडपडली आणि आणखी खाली गेली.

"हालूं नाका गो बाय!" शेवंतीबाय ओरडली. "थंयच राव! हांव येतां!"

चिमी थांबली. पाणी तिच्यापर्यंत पोचलं. एक बार्ज निघून गेला होता, त्याची लाट आली आणि तिच्या छातीवर आदळली. आणि मग, तीन महिन्यांत पहिल्यांदा, मला माझ्या बहिणीचा आवाज ऐकू आला.

"ताईऽऽ!"

आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. नाही झाला. तसा आवाज मी त्यानंतर कधी ऐकला नाही आणि ऐकायचाही नाही. शेवंतीबायने तिच्या काखेत हात घालून, डावीउजवीकडे हलवत, तिला चिखलातून सोडवलं. दोघी चिखलाने माखून काठाला आल्या तेव्हा त्यांच्यातली लहान कोण आणि मोठी कोण एवढंच ओळखू येत होतं.

आई संध्याकाळी आली. तिने चिमीला न्हाऊ घातलं, शेवंतीबायच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मग मला विचारलं, "ती गेली कशी?"

"मी आत होते. कळलंच न्हाई," मी म्हणाले.

चिमीने माझ्याकडे पाहिलं. ती आता बोलू शकत होती. पण ती काही बोलली नाही. आईने वही चुलीत घातली. "ही बाई पुन्हा काढायची न्हाई," एवढंच म्हणाली.

मी अनेक वर्षं काढली नाही. चिमी हळूहळू बोलू लागली, कोंकणी तर माझ्यापेक्षा चांगली. आज ती डिचोलीत नर्स आहे, आणि तिच्या वॉर्डात तिच्याइतकं कुणी बोलत नसेल. शेवंतीबाय गेली. आप्पा निवृत्त झाले, तरी आम्ही गावाकडे परतलो नाही, आमोण्यालाच घर बांधलं. मी बंगळुरूला आले. इथे एका स्टुडिओत सिनेमांचे स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांच्या चित्रचौकटी, करते, टॅब्लेटवर काढते, डेडलाइनच्या आठवड्यात फ्लॅटवर डबा मागवून जेवते. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची खिडकी आहे. नदी नाही. तरी पहिलं वर्षभर मला झोपेतून उठल्यावर आधी भरती किती आली ते बघावंसं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी मी चिमीला फोनवर विचारलं, "पाखरबाय परत काढू का?"

ती बराच वेळ गप्प राहिली. तिची ती शांतता मला अजून घाबरवते. मग म्हणाली, "काढ. पण खरी काढ. पाखरं उचलत नाहीत म्हणून काढ."

म्हणून मग मी केलेल्या चित्रकथेच्या पुस्तकातल्या पाखरबायला पोहता येत नाही. तिला पक्ष्यांचं बोलणं कळतं, पण पक्षी तिचं ऐकत नाहीत. ते फक्त कुठे काय होणार आहे ते सांगतात, आणि ते ऐकून ती घाबरते, आणि मग स्वतःच चिखलात उतरते, पोटावर सरपटत. एका प्रकरणात एक मोठी बहीण आहे. ती लहानीला म्हणते, "जा, पाखरबायला विचार जा." ते पान मी अकरा वेळा पुसलं.

गेल्या महिन्यात पुस्तक छापून आलं. चिमीने एक प्रत आईला नेऊन दिली. त्यानंतर चार दिवस आईचा फोन आला नाही. मी केला नाही. स्टुडिओत बसून मी फोन पालथा ठेवत होते आणि पुन्हा सुलटा करत होते. बारा वर्षांची असताना जेवढी घाबरले होते, तेवढीच.

पाचव्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"वाचलं," आई म्हणाली. मागे बार्जचा भोंगा ऐकू आला.

"आई, मीच तिला जा म्हटलं होतं."

"मला ठावं हाय. चिमीनं लगीन ठरलं तवाच सांगितलं हुतं."

चिमीच्या लग्नाला सहा वर्षं झाली.

"म्या वाट बघत हुते, तू कधी सांगतीस त्याची," आई म्हणाली. "तेवढ्यासाठी इतकी वर्सं एकटीच भीत बसलीस व्हय गं?"

मी रडले. आजूबाजूची मुलं हेडफोन लावून काम करत होती, कुणाच्या लक्षात आलं नाही. आईने मला रडू दिलं. मग तिचा आवाज बदलला, बारीक झाला.

"त्या चिखलाच्या पानापतुर आल्ये. पुढचं उलटायला हात हुईना. पोरगी निघती न्हवं बाहेर?"

"निघते आई."

"तू सांग. सगळं सांग."

इथे लोक विचारतात, तुझं घर नेमकं कुठलं? कोल्हापूरकडचं की गोव्याचं? मला ठरवता येत नसे. त्या दुपारी मी स्टुडिओच्या जिन्यात जाऊन बसले आणि माझंच पुस्तक पान पान करून आईला सांगितलं, पाणी कुठवर आलं, झावळी कुठे टाकली, हात कुणी धरला. ती पलीकडून "हं, हं" म्हणत होती. जिची मुलगी चिखलातून बाहेर निघाल्याला चोवीस वर्षं झाली, ती बाई श्वास रोखून ऐकत होती. माझं घर आता तिथे, तिच्या त्या ऐकण्यात आहे.