लगाम कमरेला बांधलेला राजा

प्राचीन इजिप्तच्या युद्धरथांवर मी गावोगावच्या वाचनालयांत व्याख्याने देतो. डोळ्यांना कमी दिसू लागल्यापासून स्कूटर पत्नी चालवते. चित्रांची गुंडाळी दोन्ही हातांनी छातीशी धरून मी मागे बसतो. उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांना वळसा घालत ती वाट काढते, तेव्हा माझा सारा भार तिच्या तोलावर असतो.

कोल्हारच्या वाचनालयात मी माझे आवडते चित्र उलगडले. त्यात धनुष्य ताणलेला राजा रथात एकटा उभा आहे आणि घोड्यांचे लगाम त्याच्या कमरेला बांधलेले आहेत. टाळ्या पडल्या. पत्नी शेवटच्या रांगेत बसली होती. आभार मानणाऱ्यांनी, एवढ्या लांबून एकटे येता म्हणून माझे कौतुक केले आणि मी विनयाने मान लववली. ते मान लववणे मला अजून टोचते.

परतताना तिने विचारले, "अहो, लगाम कमरेला बांधून रथ चालतो व्हय?"

"नाही. रथात दोघे असत. सारथी घोडे आवरी, शिवाय धनुर्धरापुढे ढाल धरी. भिंतीवर कोरताना राजा एकटाच पराक्रमी दिसावा, म्हणून सारथ्याला वगळीत."

"आन् हे मघाशी सांगितलं का तुमी?"

"नाही."

"मग गुरुवारी देवळाली प्रवरेच्या व्याख्यानाला जा कमरेला लगाम बांधून. एसटी हायेच."

ती हसत म्हणाली, पण घर येईपर्यंत खड्डा आला तरी नेहमीसारखे "धरा" म्हणाली नाही. मधल्या दिवसांत मी एसटीची वेळ विचारून ठेवली. प्रवासाची मला चिंता नव्हती. खड्डा येण्याआधी "धरा" म्हणणारा आवाज सोबत नसेल, या विचाराने मात्र जीव थोडा होत होता.

गुरुवारी मी पिशवी उचलली, तर ती अंगणात स्कूटर पुसत होती.

देवळालीत मी सारथ्यापासूनच आरंभ केला. रथाचा तळ चामड्याच्या पट्ट्यांनी बाजेसारखा विणलेला असे. त्या झुलत्या विणीवर दुसऱ्याला उभे ठेवणे हे त्याचे काम, असे सांगितले. मग मला इथवर कोणी आणले, तेही सांगितले. सारी सभा मागे वळून पाहू लागली.

बाहेर आल्यावर ती करवादली, "लोकांत एवढं सांगायचं काय अडलं हुतं? लई बघत हुती माणसं."

तिने हेल्मेट माझ्या हाती दिले.

"बसा, राजे. गुंडाळी नीट धरा. म्होरं ट्रॅक्टर हाय."