किसनकाका आणि रिठदचे पाहुणे

किसनकाका फेटा चालता चालताच बांधत. तो बांधून होईपर्यंत आपण कुठे निघालो होतो हे ते विसरत आणि भलत्याच कामाला लागत.

"काम पुरं झालं का मानूस बसते, अन् बसला का संपला," ते म्हणत. "म्हून मी कोनतंच पुरं करत नाई."

अनसिंगला आमच्या शेजारी त्यांचा भाजीचा मळा होता आणि मळ्याला लागूनच घर. मेथीच्या जुड्या अंथरुणावर, अंथरूण गोठ्यात आणि विळा कुणीतरी शोधतच असे. आमच्या एका खोलीत बसायला जागा नव्हती. त्यामुळे मॅट्रिकचा अभ्यास मी त्यांच्या ओसरीवर केला. एवढ्या पसाऱ्यात माझा कोपरा मात्र त्यांनी कायम मोकळा ठेवला, हे मी विसरू शकत नाही.

त्यांच्या यमुनेला पाहायला आलेली दोन स्थळे घर पाहूनच परतली होती. एकदा तर पाहुणे घोंगडीवर बसले आणि खालून खुडूक कोंबडी निघाली. त्यामुळे रिठदचे पाहुणे यायच्या दिवशी काकूंनी काकांना बजावले, "आज जाग्यावरून हालाचं नाई. हे बी स्थळ गेलं तं पोरगी घरातच राह्यते."

काका बसले. गुडघे मात्र सारखे हलत होते. मुलाचे वडील शेतीची चौकशी करत होते, तेवढ्यात मळ्यातून हाक आली की पाट फुटला. मिरचीची रोपे वाहून जाणार होती. काकांनी काकूंकडे पाहिले, मग नवऱ्यामुलाकडे.

"पाहुने, फावडं धरता येते का?"

आणि ते धावत सुटले. तो बिचारा शुभ्र धोतर सावरत मागे गेला, त्याच्यामागून त्याचे वडीलही. यमुना नव्या लुगड्याचा काचा मारून आधीच चिखलात उभी होती.

"तिकडं काहून टाकून राह्यले? इकडं टाका माती," ती त्याला म्हणाली. "पानी कोनीकडं जाते ते दिसत नाई काय तुमाले?"

काकू ओसरीवर डोके धरून बसल्या.

पाट बांधून झाल्यावर मुलाच्या वडिलांनी पाय धुतले. "घर पाहूनच मी उठनार होतो," ते म्हणाले. "पर पोरगी कामाची हाये. फोडा सुपारी."

सुपारी कुठे ठेवली ते कुणालाच आठवेना. शेवटी ती आमच्या घरून नेली.

पाहुणे गेल्यावर काका बांधावरून येरझारा घालत होते. मी म्हणालो, "काका, जमलं ना सगळं?"

"जमलं बावा. पर त्यायच्या घरी म्हने सारं जागच्या जागी असते." ते थांबले. "माह्या पोरीले तिथं करमन कसं?"